कोरड्या काचेवर वायपर

१

रविवारी सकाळी पावणेसातला, आभाळात ढगाचा मागमूस नसताना, एक पांढरी गाडी वायपर फिरवत गोल चौकात आली, तिने एका नर्सला सायकलसकट आडवं केलं आणि पोबारा केला. वायपर फिरवत आली, हे तेवढं लक्षात ठेवा.

नर्स रात्रपाळी संपवून घरी निघाली होती. अर्ध्या तासात ती पुन्हा त्याच रुग्णालयात हजर झाली, फक्त या खेपेला स्ट्रेचरवरून. सोमवारी सकाळी विमा कंपनीच्या सर्वेअरबाई तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या तेव्हा तिचा पाय प्लास्टरमध्ये अडकला होता आणि तोंड मात्र मोकळं सुटलं होतं.

"माझ्याच वॉर्डात ठेवलंय बघा मला. शनिवारी ज्या आजींना मी इंजेक्शन दिलं, त्या आज मला विचारतात, फार दुखतंय का गं? हसावं की रडावं?"

सर्वेअरबाईंना सगळे भिंगबाई म्हणत, कारण त्यांच्या पर्समध्ये भिंग, खडू आणि मोजपट्टी कायम असायची. ठोकलेल्या गाड्या बघण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती, पण स्वतः त्यांनी स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. कुणी चिडवलंच तर म्हणायच्या, "इतक्या चेपलेल्या गाड्या बघितल्या ना, की बसच बरी वाटते."

"गाडी कुठून आली?" त्यांनी विचारलं.

"मधल्या बागेला वळसा घालत, माझ्याच दिशेने. मी चौकातून बाहेर पडायच्या रस्त्याशी, सायकलच्या पट्ट्यावर थांबले होते. तिने इंडिकेटर दिला असता तर मी थांबूनच राहिले असते ना! दिला नाही. म्हटलं, ही गोल पुढे जाणार. मी निघाले, आणि ती वळली की नेमकी माझ्या अंगावर!"

"आणि वायपर?"

"वळायच्या जरासं आधी काचेवर फटाफट फिरायला लागले. कोरड्या ठणठणीत काचेवर. काचेवर ऊन होतं, त्यामुळे आतलं माणूस दिसलं नाही. बाई की बुवा, तेही नाही. गाडी क्षणभर थांबली. मला वाटलं, आता दार उघडेल." नर्सचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "नाही हो उघडलं. पाय मोडल्याचं मला एवढं नाही. हाडं जुळतात, रोज बघते. पण ते माणूस थांबून, बघून, मग गेलं. ते काही जुळत नाही."

नंबरातले शेवटचे तीन आकडे आणि मागच्या काचेवरचा पिवळा स्टिकर तिने पडल्या पडल्या टिपला होता. स्टिकर भाड्याने गाड्या देणाऱ्या एजन्सीचा होता. एजन्सीच्या कागदांवर त्या वेळी ती गाडी एका परदेशी पाहुण्याच्या नावावर होती.

"बाई, यात शोधायचं काय राहिलंय?" हवालदार फोनवर म्हणाला. "त्यांच्या देशात गाड्या डावीकडून चालतात. स्टिअरिंग उजवीकडे, इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला. आपल्याकडे गाड्या उजवीकडून चालतात, स्टिअरिंग डावीकडे, आणि त्याच जागी वायपरची दांडी असते. नवखा पाहुणा वळताना हमखास वायपर लावतो, आम्ही रोज बघतो. बुधवारी दुपारी त्यांचं विमान आहे आणि पासपोर्ट आमच्याकडे आहे. तुमचा रिपोर्ट आला की गुन्हा नोंदवतो."

भिंगबाईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला. सगळं अगदी चपखल बसत होतं. त्यांना चपखल बसणाऱ्या गोष्टींची जुनी ॲलर्जी होती.

२

शहरातली बस विमानतळापर्यंत जाई. तिथून एजन्सीच्या आवारात न्यायला एजन्सीची व्हॅन येई. भिंगबाईंनी ड्रायव्हरशेजारी बसायला म्हणून नेहमीच्या बाजूचं दार उघडलं, तर समोर स्टिअरिंग!

"या, या, आज तुम्हीच चालवा," व्हॅनवाला मागून हसला. "प्रत्येक जण फसतो बघा. ही आमची म्हातारी जहाजातून आलीय, तिकडची आहे. पलीकडून बसा."

पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. एजन्सीत त्याला सगळे मामा म्हणत. मामा सहा वर्षं ही एकच व्हॅन चालवत होते. विमानतळ ते आवार, आवार ते विमानतळ, दिवसाला बारा फेऱ्या. घरी गाडी नाही, येणं-जाणं बसने. "कालच नवी बॅटरी घातलीय हिला. आता कशी एका चावीत उठते!" मामांनी अभिमानाने सांगितलं. भिंगबाईंचं लक्ष सवयीने किलोमीटरच्या आकड्यावर गेलं. आवाराच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत बरोबर साडेपाच भरले.

काउंटरवरच्या बाईने कागद आधीच काढून ठेवले होते. ती तिशीची होती, टापटीप होती, आणि पेन सारखं उघडबंद करत होती.

"नियम साधा आहे, मॅडम. ऑफिस बंद असताना गाडी परत केली तर चावी बाहेरच्या लोखंडी पेटीत टाकायची. आम्ही पेटी उघडून, गाडी तपासून नोंद करेपर्यंत गाडी ग्राहकाच्याच ताब्यात धरतात. मी नऊ बाराला नोंद केली. पुढच्या बंपरला उजवीकडे पोचा दिसला, लगेच फोटो काढला."

"पाहुणे म्हणतात, त्यांनी सहा दहालाच चावी टाकली."

"म्हणतील की. पाहिलं कुणी?"

"रविवारी ऑफिस कधी उघडतं?"

"सातला."

"मग सातला उघडायची पेटी नऊ बाराला का उघडली?"

पेन थांबलं. "पहिल्या विमानाची गर्दी असते हो. एकटा जीव, कुठे कुठे बघणार?"

भिंगबाई आवारात गेल्या. पांढरी गाडी कोपऱ्यात उभी होती, रविवारपासून कुणी हलवली नव्हती. पोच्यात सायकलचा निळा रंग होता. गाडी हीच, यात वाद नव्हता. मग त्या आत बसल्या आणि नेहमीसारखं काहीही न करता दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला इंडिकेटरची दांडी होती. तिला एक जाड लाल रबरबँड घट्ट गुंडाळलेला होता.

काउंटरवाली खिडकीत वाकली. "बघा! आठवण राहत नव्हती म्हणूनच बांधला ना त्यांनी? हाच तर पुरावा."

भिंगबाईंना मात्र त्या रबरबँडने उलटंच कोड्यात टाकलं. ज्याला आपण विसरू अशी इतकी धास्ती असते, तो माणूस विसरतो का?

३

पाहुणे मुलीच्या घरी, दिवाणखान्यात ताठ बसून होते. सहासष्ट वर्षांचे, उंच, इस्त्रीचा शर्ट. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. तीन आठवड्यांसाठी लेकीकडे आले होते, आणि कुणावर भार नको म्हणून स्वतःची गाडी भाड्याने घेतली होती. जावई दिवसभर कामावर असे, म्हणून नातीला पोहायला, चित्रकलेच्या वर्गाला, बागेत न्यायचं काम त्यांनी हौसेने घेतलं होतं.

"बाई, मी चौतीस वर्षं स्कूलबस चालवली," ते म्हणाले. "लोकांची पोटची पोरं माझ्या भरवशावर असायची. एकाला खरचटलं नाही. गाडी घेतली त्या दिवशी रिकाम्या मैदानात दोन तास नुसता गोल गोल फिरलो. दांडीला रबर बांधला, म्हणजे हाताला लागलं पाहिजे की ही आपली दांडी. झोप झाली नसेल त्या दिवशी गाडीला हात लावला नाही. विमानातून उतरल्यावर तर दोन दिवस चावीच घेतली नाही."

"आणि मी कंडक्टर!" दाराआडून आवाज आला. नऊ वर्षांची बिट्टी, पाहुण्यांची एकुलती एक नात. "प्रत्येक वळणाला मी मागून ओरडायचं, 'आजोबा, उजवीकडून!' की आजोबा म्हणणार, 'हो कंडक्टर.' नाही म्हटलं तर घंटी वाजवायची. एकदाही वाजवावी लागली नाही."

"बिट्टी, आत जा," जावई म्हणाला. त्याचा चेहरा दोन दिवसांत ओढला होता. "रविवारी पहाटे ती सोबत नव्हती ना, बाबा. मी काय म्हणतो, चूक माणसाकडूनच होते. वय झालंय. कबूल करा, माफी मागा, मी वकील बघतो."

"न केलेली चूक कबूल करू?"

"बाबा, असं काय करता!" मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "गुन्हा नोंदवला गेला तर तुम्हाला पुन्हा कधी व्हिसा मिळणार नाही. बिट्टीला कधी भेटणार तुम्ही?"

पाहुण्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तेच तर," ते हळू म्हणाले. "काल बिट्टीला बसने पोहायला न्यायचं होतं. तू म्हणालीस, नको बाबा, मीच सोडते. त्या वेळी मला कळलं की घरातही माझा निकाल लागलाय."

मुलगी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली.

भिंगबाई जरा खाकरल्या. "रविवारी काय केलंत, सांगा."

"सहाला निघालो. रस्ता मोकळा असतो म्हणून मुद्दाम लवकर. सहा दहाला चावी पेटीत टाकली आणि नदीकाठाने चालत घरी आलो, पाऊण तास लागला. भेटलं कुणी नाही. हे बघा." त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. स्कूलबसच्या दिवसांची सवय, प्रत्येक फेरीला तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा. तीन आठवड्यांत एकही ओळ गाळलेली नव्हती. शेवटची ओळ होती: रविवार, ६.१०, आवार, ४८३१६.

भिंगबाईंनी पर्समधून एजन्सीची नोंद काढली आणि भिंग डोळ्याशी धरलं. भिंगाची गरज नव्हती, पण आकडा पुन्हा एकदा बघावासा वाटला. नऊ बाराच्या नोंदीत लिहिलं होतं ४८३२७.

"पाहुणे," त्या म्हणाल्या, "तुम्ही चावी टाकल्यावर ही गाडी अकरा किलोमीटर चाललीय."

४

"किंवा बाबांनी आकडा मनाने लिहिलाय," जावई म्हणाला. तो भिंगबाईंना आपल्या गाडीतून बसथांब्यापर्यंत सोडायला निघाला होता.

"खोटं लिहायचं असतं तर एजन्सीशी जुळणारा आकडा लिहिला असता. न जुळणारा लिहून कुणी पायावर धोंडा मारून घेतो का?"

जावयाची नजर रस्त्यावर होती. भिंगबाई मात्र त्याच्या हातांकडे बघत होत्या. त्यांच्या मनात एक वाईट शंका होती, आणि शंका वाईट असली म्हणून त्या ती टाकून देत नसत. हा माणूससुद्धा मूळचा पाहुण्यांच्याच देशातला. गाडी घराच्या दारात उभी असायची. करारात त्याचं नाव नाही. याने गाडी नेली असेल आणि सासरे जावयाला पाठीशी घालत असतील तर? सासरे असं करू शकतात. लेकीचा संसार असतो ना.

गाडी वळली. जावयाचा डावा हात न बघता दांडीकडे गेला, इंडिकेटर टिकटिकला. दुसरं वळण, तिसरं वळण, तेच.

"हात चांगला बसलाय तुमचा," त्या सहज म्हणाल्या.

"नऊ वर्षं झाली की इथे. पहिले सहा महिने मी पण पाऊस नसताना काचा पुसत फिरायचो." तो पहिल्यांदा हसला. "गंमत सांगू? आता तिकडे सुट्टीला गेलो की उलटं होतं. जन्म तिकडे गेला, पण चार दिवस तिकडच्या गाडीत वायपर लावतो. हाताला देश-बिश कळत नाही हो. रोज जी गाडी हातात असते, तेवढीच त्याला कळते."

भिंगबाई एकदम सरळ बसल्या.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

"हाताला रोजची गाडी कळते, असं म्हणालो. का?"

"गाडी थांबवा. इथेच." पर्स चाचपत त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "कपाळ माझं! कालच नवी बॅटरी म्हणाला तो आणि मी नुसती मान डोलावली!"

जावयाला काही उलगडा झाला नाही. बाई फुटपाथवर उभं राहून एकामागून एक तीन फोन करत होत्या. पहिला गॅरेजला, दुसरा हवालदाराला आणि तिसरा कुठल्यातरी हॉटेलात.

५

मंगळवारी सकाळी दहाला एजन्सीच्या आवारात तीच पांढरी गाडी बाहेर काढली. पाहुणे, जावई, मामा आणि काउंटरवाली सगळे जमले होते. हवालदार मागच्या सीटवर घड्याळ बघत बसला. त्याला हे सगळं थेर वाटत होतं आणि तसं त्याने बोलूनही दाखवलं.

"रिपोर्टसाठी चौकापर्यंत एक फेरी हवी," भिंगबाई म्हणाल्या. "आधी पाहुणे."

पाहुणे बसले. बसल्या बसल्या त्यांनी सीट मागे घेतली, तिन्ही आरसे नीट केले, पट्टा लावला. बाईंनी लावला नव्हता, तर लावेपर्यंत गाडी सुरू केली नाही. पहिल्याच वळणाशी त्यांचा डावा हात रबरबँडवर गेला. गोल चौकात शिरण्याआधी ते थांबले, आधी डावीकडे बघितलं, मग पुन्हा डावीकडे, आणि मग शिरले. बाहेर पडताना इंडिकेटर दिला. वायपर काचेच्या तळाशी निवांत पडून होते.

"एवढं घडल्यावर माणूस आता सावधच राहणार की," हवालदार पुटपुटला.

"खरंय," बाई म्हणाल्या. परत आल्यावर त्यांनी हाक मारली, "मामा, आता तुम्ही चला. तुलनेला दुसरा कुणीतरी लागतो. तुम्ही तर मुरलेले ड्रायव्हर."

"मी? मी कशाला, मॅडम! मला विमानतळाची फेरी..."

"दहा मिनिटांचं काम. बॅटरी नवी आहे ना, व्हॅन कुठे जात नाही."

मामांनी काउंटरवालीकडे बघितलं. काउंटरवालीने जमिनीकडे बघितलं. मामा बसले. आवारात ते सराईतपणे मागे-पुढे झाले, फाटकातून बाहेर पडले, सरळ रस्त्यावर गप्पाही मारू लागले. चौक आला. मधल्या बागेला वळसा घालून गाडी बाहेरच्या रस्त्याकडे आली. मामांचा उजवा हात वर गेला, त्याने दांडी खाली ओढली.

कोरड्या काचेवर दोन्ही वायपर फटाफट फिरायला लागले.

मागे हवालदाराने घड्याळावरून नजर उचलली. मामा घाईघाईने वायपर बंद करायला गेले, तर ते आणखी जोरात फिरायला लागले.

६

"सवय हो! हातात सवय बसलीय!" ऑफिसात आल्यावर मामा एकसारखं तेच म्हणत होते. "व्हॅनची दांडी उजवीकडे आहे, त्याला मी काय करू? सवय म्हणजे काय गुन्हा?"

"मुळीच नाही," भिंगबाई खुर्चीत बसल्या. "पण सवय पत्ता सांगते. पाहुण्यांनी ही गाडी तीन आठवडे चालवली आणि दांडीला रबर बांधला. जावयांनी इथे नऊ वर्षं काढली. त्या दोघांचेही हात इथल्या गाडीला सरावलेले. या सगळ्यांत 'तिकडची' गाडी रोज हातात असणारा माणूस एकच. तो बसने कामावर येतो, दिवसभर उजवीकडचं स्टिअरिंग धरतो, आणि बाकी गाड्या फक्त आवारात मागे-पुढे करतो. आवारात इंडिकेटर कोण देतो?"

"पण मी गाडी कशाला नेईन?"

"कारण रविवारी सकाळी व्हॅन उठलीच नाही. गॅरेजवाल्याने सांगितलं, बॅटरी पार बसली होती, दुपारी येऊन नवी घातली. आणि पहिल्या विमानाचे प्रवासी सातला थांबलेले असतात. इथून विमानतळ साडेपाच किलोमीटर, जाऊन-येऊन अकरा. पाहुण्यांच्या डायरीत कमी पडतात ते अकरा. वाटेत गोल चौक आहे."

"फेरीच्या वहीत व्हॅनचीच नोंद आहे," मामा म्हणाले, पण आवाजात दम उरला नव्हता.

"वही तुम्हीच लिहिता. रविवारच्या पहिल्या फेरीचं जोडपं अजून इथल्या हॉटेलात आहे. काल त्यांना विचारलं, न्यायला व्हॅन आली होती का? बाई म्हणाल्या, कुठली व्हॅन! छोटीशी पांढरी गाडी होती, सूटकेस मांडीवर घेऊन आलो, पाय अवघडले."

मामा मटकन बाकावर बसले.

"एकच गोष्ट मला उमगली नाही," भिंगबाई काउंटरकडे वळल्या. "पेटीतली चावी मामांना मिळाली कशी?"

काउंटरवालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्यामुळे," ती म्हणाली. "रविवारी मी सातला येतच नाही, मॅडम. लेकाला आईकडे सोडून नऊला येते. तोवर मामाच ऑफिस उघडतात, पहिल्या गिऱ्हाइकांना कागद-चावीची पाकिटं देतात. पेटीची जादा चावी त्यांच्याकडेच असते. पोचा बघितल्यावर मामांनी सगळं सांगितलं. मी बोलले असते तर माझं उशिरा येणं बाहेर आलं असतं. म्हटलं, पाहुणे काय, बुधवारी जातीलच आपल्या देशात..."

"मला वाटलं, लागलं नाही तिला," मामा जमिनीकडे बघत म्हणाले. "उठून बसली होती हो. मी थांबलो. दाराच्या कडीला हात घातला होता. मग डोक्यात आलं, ग्राहकाची गाडी, परवानगी नाही, तिकडे माणसं खोळंबलीत. आणि पाय दाबला. घरी गेल्यापासून घास उतरला नाही माझ्या घशाखाली."

इतका वेळ पाहुणे भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले. जावई दचकून मध्ये सरकला, त्याला वाटलं म्हातारबुवा आता हात उगारतात.

"वायपर लागला ते मी समजू शकतो," पाहुणे म्हणाले. "ती हाताची चूक. माझ्याही हातून झाली असती, म्हणून तर रबर बांधला. पण गाडी थांबली होती ना तुमची? ब्रेकवर पाय होता ना? तो उचलून दुसरीकडे ठेवला, ते काही सवयीने नाही झालं. मला माझी नात पुन्हा दिसली नसती, मामा. आणि तुम्ही मला ओळखतसुद्धा नव्हता."

मामा रडायला लागले. हवालदाराने खिशातून पासपोर्ट काढला, दोन्ही हातांनी पाहुण्यांना दिला, आणि रोज बघणाऱ्या माणसाला हेही बघावं लागलं म्हणून कान खाजवला.

"आधी रुग्णालयात चला," भिंगबाई मामांना म्हणाल्या. "ठाण्यात नंतर. तिला दार उघडायला कुणीतरी हवं होतं, ते दोन दिवस उशिरा का होईना, उघडा."

७

बुधवारी दुपारी भिंगबाई विमानतळाच्या थांब्यावर बसची वाट बघत होत्या. दुसऱ्याच कुठल्या तरी चेपलेल्या गाडीचं काम होतं. समोरच्या रस्त्याने जावयाची गाडी येताना त्यांना दिसली. ती त्यांना बघून थोडी मंद झाली, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जावई शेजारच्या सीटवर बसलाय. स्टिअरिंगवर पाहुणे होते. दांडीला लाल रबरबँड होता, बहुतेक तोच, काढून इकडे बांधलेला.

जावयाने काच खाली केली. "मीच म्हटलं, बाबा, शेवटची फेरी तुम्हीच चालवा. एरवी कुणाला हात लावू देत नाही मी गाडीला," तो म्हणाला. आणि मग सासऱ्यांकडे न बघता, "दोन दिवस नको ते बोललो त्यांना. त्याची माफी घरी मागून झालीय, पण तुमच्यासमोर राहिली होती."

"राहू दे रे," पाहुणे म्हणाले. "बाई, नर्स भेटली काल. निघताना मला म्हणाली, पुढच्या वर्षी याल तेव्हा मी चालत भेटायला येते. मी म्हटलं, येतो. माझ्या पासपोर्टवर आता कसला डाग नाही."

मागच्या सीटवर बिट्टी आईच्या मांडीवर जवळजवळ चढून बसली होती. तिचं नाक लाल होतं, सकाळपासून रडून झालं असावं. बाईंनी हात हलवला, तर तिने उत्तर दिलं नाही. ती कामावर होती.

गाडी पुढे निघाली. वळण आलं तसं मागून खणखणीत आवाज आला:

"आजोबा, उजवीकडून!"

"हो कंडक्टर," पाहुणे म्हणाले. इंडिकेटर लुकलुकला. समोरची काच कोरडी होती आणि वायपर जागचे हलले नाहीत. डोळे मात्र पाहुण्यांना बाहीने पुसावे लागले, आणि त्यासाठी त्यांनी आधी गाडी रस्त्याच्या कडेला नीट थांबवली.